दिशांची मर्यादा

राजगुरुनगरच्या बाजारपेठेतील त्या घरात दादींनी श्रावकाची बारा व्रते स्वीकारली, तेव्हा सहाव्या व्रताची, म्हणजे दिशापरिमाणाची, मर्यादा त्यांनी एका जुन्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. उत्तरेला राजस्थानातील मूळ गाव, दक्षिणेला बंगळूर, कारण तेथे लेक दिलेली, पूर्वेला रायपूर आणि पश्चिमेला मुंबई. मुंबईच्या पुढे पाणी, आणि पाणी ओलांडायचे नाही. या चौकटीच्या बाहेर जाण्याचा प्रसंग दादींवर कधी आला नाही. चौकट लिहिताना कदाचित तो येणार नाही हे त्यांना ठाऊकही असावे. व्रताचा अर्थ मात्र त्यांच्या मनात स्वच्छ होता. मनुष्य जितका दूर धावतो, तितका त्याचा आरंभ-समारंभ वाढतो, तितक्या जीवांची विराधना वाढते. म्हणून पायांना आधी सीमा घालावी.

याच घरातील धाकट्या नातवाने २०१५ साली, बारावीचा निकाल हाती आल्यावर, आपण मरीन इंजिनिअर होणार असल्याचे जाहीर केले.

राजगुरुनगरला समुद्राची ओळख नाही. गावाजवळून भीमा वाहते. तिचे पाणी उजनी, पंढरपूर करीत कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. नदीचा हा प्रवास शाळेत भूगोलाच्या तासापुरता असतो. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या घरातला एक तरी मनुष्य जहाजावर असे. वाफेच्या बोटींच्या काळात बॉयलरची भट्टी सांभाळणारा ‘आगवाला’ आणि यंत्राला तेल घालणारा ‘तेलवाला’ हे तिकडच्या बोलण्यातील शब्द होते. खेड तालुक्यात असे शब्द नव्हते. येथे होते चाकणच्या बाजाराचे कांदे-बटाटे, आडत, किराणा आणि कापड. ज्या घरात कंदमूळ शिजत नाही, त्याच घराची आडत कांद्या-बटाट्यावर चालते, हा विरोधाभास या पट्ट्यातील अनेक जैन कुटुंबांनी विशेष चर्चा न करता पचविला आहे. समुद्राच्या प्रश्नावर मात्र चर्चा झाली, आणि पुष्कळ झाली.

खरे तर समुद्र या मुलाच्या समोरून रोज जात होता. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांचे कारखाने चाकणच्या आसमंतात उभे राहिल्यापासून रस्त्यावर न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा लागलेल्या असत. पोलादी पेटीवरील परदेशी अक्षरे वाचत तो शाळेत गेला होता. ती पेटी पुढे कशात बसते आणि ते जे काही आहे ते कोण चालवते, एवढाच त्याचा प्रश्न होता.

घरातील बैठकीत काकांनी विचारले की, आपल्यात आजवर जहाजावर कोण गेले आहे. उत्तर देणे अवघड नव्हते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदीही वालचंदांचीच. तेथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ साली पाण्यात उतरले. त्यांच्या नावाचे वालचंदनगर तर याच पुणे जिल्ह्यात आहे. समाजाच्या सभांतून हे नाव अभिमानाने घेतले जाते. पण जहाजाचे मालक होणे निराळे आणि त्याच जहाजाच्या तळाशी, तेलाच्या वासात, पान्हा घेऊन उतरणे निराळे. पहिल्याचे कौतुक करण्याची आपल्याला सवय आहे. दुसऱ्यासाठी मुलगा द्यावा लागतो, तेव्हा घर गप्प होते.

दादी त्या बैठकीत शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. नंतर एवढेच म्हणाल्या, “अर्हन्नक श्रावक समुद्रावरच होता ना?” ज्ञाताधर्मकथेतील चंपानगरीचा हा व्यापारी. भर समुद्रात एक देव पिशाच्चाचे रूप घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो आणि व्रते सोडली नाहीस तर जहाज उचलून बुडवीन, असे धमकावतो. अर्हन्नक जागचा हलत नाही. श्रीपाल राजा आणि धवल शेठ यांची कथा तर प्रत्येक ओळीत ऐकली जाते, आणि तिचा मोठा भाग जहाजांवरच घडतो. सागरप्रवास आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. परिचय मध्यंतरी तुटला होता. दादींच्या त्या एका प्रश्नाने संमती मिळाली, असे घरातील सर्वांनी मानले. दादींनी ती शब्दांत दिली नव्हती.

या शिक्षणाचे दार जेथे उघडते, ती जागा राजगुरुनगरपासून फार दूर नव्हती. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंदुरी येथे तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. लोणावळ्याजवळ समुंद्र आणि लोणी काळभोर येथे मॅनेट अशा आणखी दोन संस्था पुणे जिल्ह्यात आहेत. समुद्र नसलेल्या जिल्ह्यात इतकी जहाजशाळा असणे ही गंमत आहे. प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित मिळून ६० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सामाईक परीक्षा, अशा अटी होत्या. यात गुणांइतकीच दृष्टी मोलाची. रंग ओळखण्यात दोष असला तर हुशार मुलालाही परत फिरावे लागते, आणि पुष्कळांना हे पैसे भरल्यावर कळते. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी, हा व्यावहारिक सल्ला येथेच नोंदविणे बरे. ज्यांनी मेकॅनिकलची पदवी घेतली आहे, त्यांना पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम करूनही या वाटेने जाता येते. चाकणच्या कारखान्यांत नोकरीची वाट पाहणाऱ्या कित्येकांना ते ठाऊक नसते. मुलींनाही ही वाट बंद नाही. कोलकात्याच्या संस्थेतून सोनाली बॅनर्जी १९९९ साली देशातील पहिल्या महिला मरीन इंजिनिअर म्हणून बाहेर पडल्या.

चार वर्षे त्याने इंदुरीला काढली. पहाटे कवायत, दिवसभर वर्ग, नंतर कार्यशाळा. फायलिंग, लेथ, वेल्डिंग. घडीव लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणण्यात पहिले कितीतरी आठवडे गेले. वसतिगृहाच्या जेवणात कांदा-बटाटा वगळून जे उरे, त्यावर त्याने भागवले. आई शनिवारी डबा पाठवी. संस्थेजवळून इंद्रायणी वाहते. तीच पुढे देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते. दोन्ही पाणी शेवटी एकच, असे तो आईला गमतीने सांगे.

खरी परीक्षा पदवीनंतर आली. जहाजाच्या यंत्रशाळेचा अधिकारी होण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र, एम.ई.ओ. क्लास फोर, हे केवळ अभ्यासावर मिळत नाही. चार वर्षांचा मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यालाही किमान सहा महिने प्रत्यक्ष जहाजावर शिकाऊ म्हणून काढावे लागतात, आणि त्या काळातील प्रत्येक कामाची नोंद वरिष्ठांच्या सहीने वहीत व्हावी लागते. पुढील पायऱ्याही महिन्यांनीच मोजल्या जातात. आंतरराष्ट्रीय एस.टी.सी.डब्ल्यू. कराराप्रमाणे ३,००० किलोवॉट व त्याहून मोठ्या यंत्रावर सेकंड इंजिनिअर होण्यासाठी अधिकारी म्हणून किमान १२ महिने समुद्रसेवा लागते. चीफ इंजिनिअर होण्यासाठी साधारणतः ३६ महिने. घरचे, अभ्यासाचे दिवस यात धरले जात नाहीत. व्यापारी घराला हा हिशेब नवा होता. येथे काही उधारीवर मिळत नव्हते आणि वडिलांच्या नावावर मुलाला सवलतही नव्हती.

या पहिल्या सहा महिन्यांसाठी जहाज मिळणे हीच सर्वांत अरुंद जागा असते. पदवीधर पुष्कळ आणि शिकाऊंच्या जागा थोड्या. २०१९ च्या उन्हाळ्यात नवी मुंबईतील एका दलालाने वडिलांना फोन करून काही लाखांत जागा देऊ केली. वडिलांनी पैशांची जुळवाजुळवही केली होती. धंद्यात ओळख आणि रोकड लागतेच, यावर त्यांचा विश्वास होता. मुलाने नकार दिला. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेलाही नोकरी देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, असा नियम आहे, आणि या दलालाकडे परवानाही नव्हता. बापलेकांत आठवडाभर अबोला राहिला. मुलगा चार महिने दुकानात बसून तराजूवर धणे-जिरे मोजत होता, आणि येणारे-जाणारे ‘जहाज केव्हा?’ असे विचारत होते. त्या काळात वडील एकदाही ‘सांगितले होते’ म्हणाले नाहीत, हे त्याच्या लक्षात राहिले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बोलावणे आले. सिंगापूरला जहाजावर चढायचे होते. निघण्याच्या दिवशी सकाळी सर्वांनी स्थानकात जाऊन मांगलिक ऐकले. दादींनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. दिशापरिमाण तुला जमणार नाही, तेव्हा दहावे व्रत धर, देशावकाशिक. रोज सकाळी त्या दिवसापुरती हद्द ठरव. आणि जेथे असशील तेथला सूर्यास्त मला कळव. रात्री जेवू नकोस, असे त्या म्हणाल्या नाहीत. केवळ सूर्यास्त कळव, म्हणाल्या.

जहाज सुमारे १९० मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद होते, धान्य, कोळसा, खनिज वाहणारे. त्याचे मुख्य इंजिन सहा सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक, तीन मजले उंच. चाकणला तयार होणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला हजारो फेरे मारते. हे अजस्र यंत्र शंभराच्या आसपास फेरे घेत होते, आणि त्या संथ गतीवर सगळे जहाज महासागर ओलांडत होते. भारतीय जहाजांच्या बोलीत चीफ इंजिनिअर हे ‘बडा साब’, त्याखालचे सेकंड, मग ‘तीन साब’, ‘चार साब’. सर्वांत धाकटा शिकाऊ तो ‘पाच साब’. राजगुरुनगरच्या शेठजींचा मुलगा अशा रीतीने पाच साब झाला.

पाच साबचे पहिले काम पाइप शोधण्याचे. कोणते तेल, कोणते पाणी, कोणती हवा कोठून निघते आणि कोठे जाते, हे फरशीखाली वाकून, हात काळे करून, कागदावर रेखाटायचे. चित्र चुकले की सेकंड साब न बोलता कागद परत देत. मग प्युरिफायर. जड इंधन सुमारे ९८ अंशांपर्यंत तापवून वेगाने फिरणाऱ्या भांड्यातून त्यातले पाणी आणि गाळ वेगळा काढायचा. ते भांडे उघडून आतील तबकड्या एकेक पुसून, क्रमाने परत बसवायच्या. एक उलटी बसली तर यंत्र थरथरते. १ जानेवारी २०२० पासून जगभर इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर येणार होती. त्यामुळे त्याचा पहिला महिना जुन्या तेलाच्या टाक्या रिकाम्या आणि स्वच्छ करण्यातच गेला. टाकीत उतरण्यापूर्वी आतील प्राणवायू मोजायचा, तो जवळजवळ २१ टक्के असल्याशिवाय पाय घालायचा नाही आणि बाहेर एक मनुष्य उभा ठेवायचा. हा नियम विसरल्यामुळे जगभर दरवर्षी खलाशी प्राणास मुकतात, आणि कित्येकदा वाचवायला गेलेलाही परत येत नाही. साधूंच्या आचारात ज्याला यतना म्हणतात, पाऊल टाकण्यापूर्वी पाहणे, उचलण्यापूर्वी पाहणे, ती येथे भिंतीवर सूचना होऊन लावलेली होती.

जेवणाचा प्रश्न घरच्यांना वाटला होता त्याहून निराळा निघाला. जहाजावर संध्याकाळचे जेवण साधारण साडेपाचला लागते. पुण्याच्या कोणत्याही वसतिगृहापेक्षा येथे चौविहार सोपा होता. अडचण आली ती डिसेंबरात, व्हँकुव्हरला. तेथे त्या दिवसांत सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो आणि सकाळी आठपर्यंत उगवत नाही. घरून आणलेल्या पंचांगातील पुण्याच्या वेळा व्यर्थ होत्या. त्याने ब्रिजवर फोन करून ड्युटीवरील अधिकाऱ्याला सूर्यास्ताची वेळ विचारली. नौवहनाच्या पंचांगातून ती रोज काढलीच जाते. अधिकाऱ्याला प्रथम ही थट्टा वाटली. पुढे तोच वेळ फलकावर लिहून ठेवू लागला. स्वयंपाकी गोव्याचा होता, तीन पिढ्या जहाजावर काढलेल्या घरातला. त्याने साडेतीनला डाळ-भात आणि कांदा न घातलेली भाजी झाकून ठेवण्याचे मान्य केले. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने, ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, खलाशांच्या धार्मिक आवश्यकता लक्षात घेऊन अन्न द्यावे असे म्हटलेले आहे. पण ताट झाकून ठेवले ते त्या गोवेकराने, कराराने नव्हे. तरीही सगळे पाळले गेले नाही. जनरेटर बंद पडला त्या रात्री तो बारापर्यंत खाली होता आणि वर आल्यावर त्याने जेवण घेतले. त्या दिवसाचा सूर्यास्त त्याने दादींना कळवला नाही.

मे २०२० मध्ये त्याचे सहा महिने पूर्ण झाले. तोपर्यंत जगातील बंदरे कोरोनामुळे बंद झाली होती. भारत सरकारने एप्रिलमध्येच भारतीय बंदरांत आपल्या खलाशांना उतरण्या-चढण्याची मुभा दिली होती. पण हे जहाज भारताकडे येतच नव्हते. त्या वर्षी एका वेळी सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले असल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. त्यांतील तो एक. बंदर आले तरी कोणी जिना उतरून जाऊ शकत नव्हते. दोन-दोन आठवडे दिसत राहणारा किनारा, आणि मधले पन्नास मीटर पाणी.

दादींनी सांगितलेली रोजची हद्द ठरवणे हे सुरुवातीला त्याला औपचारिक वाटत असे. ‘आज जहाजाबाहेर नाही’, असे रोज म्हणण्यात विशेष ते काय? आता ते म्हणण्याचा अर्थ बदलला. जे लादले गेले होते, तेच सकाळी स्वतः म्हटल्यावर दिवस वेगळा जाई. चारही दिशांना हजारो मैल धावणारा हा मनुष्य प्रत्यक्षात १९० बाय ३२ मीटरमध्ये राहत होता, राजगुरुनगरच्या पेठेहूनही लहान जागेत. दादींच्या वहीतील चौकट त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी होती.

३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुणे जिल्ह्यातून पुढे गेले. खेड तालुक्यात छपरे उडाली, झाडे पडली, वीज गेली. घराचा पत्राही उडाला. त्या दिवशी त्याच्या जहाजाभोवतीचा समुद्र तेलासारखा शांत होता, आणि घरचा फोन तीन दिवस लागत नव्हता. समुद्रावर गेलेल्याची काळजी करायची असते, हा नेम त्या आठवड्यात उलटा झाला.

एका प्रश्नाने मात्र त्याला जास्त छळले, आणि तो या पानांतूनही टाळू नये. बंदरातून भरलेले बॅलास्टचे पाणी दुसऱ्या समुद्रात सोडण्यापूर्वी त्यातील सूक्ष्म जीव नष्ट करावे लागतात. सप्टेंबर २०१७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा तो नियम आहे. एका समुद्रातील जीव दुसऱ्यात गेले तर तेथील सारी जीवसृष्टी उद्ध्वस्त होते, हे त्यामागचे कारण. ते यंत्र सुरू करण्याचे बटण पाच साबच्या हाती होते. पाणी गाळून, उकळून पिणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाने हजारो टन पाण्यातील जीव मारण्याचे यंत्र चालवावे काय? त्याने हा प्रश्न आईमार्फत एका महासतींकडे पोहोचविला. उत्तर थोडक्यात आले. संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडावी. उद्योगी हिंसेत तो असतोच. ती कमीत कमी व्हावी आणि तिची आलोचना व्हावी. काटेकोर पाहणारा म्हणेल की, ही पळवाट आहे. पंधरा कर्मादानांची यादी समोर ठेवली तर अग्नीवर चालणारा कोणताच मोठा उद्योग निर्दोष ठरत नाही. ते खरेच आहे. पण ते चाकणच्या कारखान्यालाही लागू आहे आणि कांद्याच्या आडतीलाही.

त्याच यंत्रशाळेत दुसरे एक यंत्र होते. तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्यातून तेल वेगळे काढणारे. समुद्रात सोडायच्या पाण्यात दहा लाख भागांत १५ भागांहून अधिक तेल चालत नाही. मर्यादा ओलांडली की झडप आपोआप बंद होते, आणि प्रत्येक नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात सहीने करावी लागते. या यंत्राला चकवून रात्री घाण पाणी सोडणाऱ्या जहाजांवर खटले झाले आहेत, अभियंते तुरुंगात गेले आहेत. त्याच्या जहाजावर ते काम चोख होते. पाच साबने ते यंत्र उघडून साफ करण्याचे काम मागून घेतले. कोणी मागून घेत नाही असे ते काम आहे.

ऑगस्टमध्ये पर्युषण आले. जहाज कॅनडातून धान्य घेऊन चीनकडे निघाले होते. अठाई करण्याचा त्याचा विचार सेकंड साबनी ऐकूनही घेतला नाही. चाळीस अंशांच्या उष्णतेत उपाशी मनुष्य चक्कर येऊन फिरत्या यंत्रावर पडला तर काय, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. अखेर एकासने ठरली, आणि त्या दिवसांत त्याला वातानुकूलित कंट्रोल रूममधील कामे दिली गेली. पण पॅसिफिकमध्ये पश्चिमेकडे जाताना १८० अंशांची रेषा ओलांडली की जहाजाच्या दिनदर्शिकेतील एक दिवस गळतो. रात्री तारीख एक होती. सकाळी मधली तारीख नव्हतीच. त्याचे पर्युषण सात दिवसांचे झाले. संवत्सरीचे प्रतिक्रमण त्याने केबिनमध्ये मोबाईलवरील पाठ वाचून केले. मग खाली जाऊन प्रत्येकाला मिच्छामि दुक्कडम म्हटले. मोटरमनला शब्द कळले नाहीत. बडा साबांना कळले. त्यांनी हात जोडले.

गळलेल्या दिवसाची हकीकत दादींना फोनवर सांगितली, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “आणि त्या दिवसाचा सूर्यास्त?”

सप्टेंबरअखेर जहाज कोळसा घेऊन मुंद्र्याला लागले आणि तो उतरला. साडेदहा महिने झाले होते. घरी आला तेव्हा वडिलांनी प्रथम त्याचे हात पाहिले. नखांतील काळे पुढे महिनाभर गेले नाही.

क्लास फोरच्या तोंडी परीक्षा मुंबईतील मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटमध्ये होतात. समोर सर्वेक्षक एकटे बसतात आणि प्रश्न कोठूनही येतो. त्याला क्रँककेसच्या स्फोटाविषयी विचारले गेले. तेलाचे तापलेले धुके साचून होणारा हा स्फोट. १९४७ साली ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजावर त्यात २८ जण मेले, आणि तेव्हापासून प्रत्येक इंजिनिअरला तो पाठ असतो. त्याने कारणे सांगितली, उपाय सांगितले. “अलार्म वाजला. पहिली गोष्ट काय कराल?” इंजिनाची गती कमी करून ब्रिजला कळवीन, असे तो म्हणाला. “दार केव्हा उघडाल?” तो अडखळला. वीस मिनिटे म्हणाला; मग तीस म्हणाला. सर्वेक्षकांनी कागद बाजूला ठेवला. “तुमच्या माणसांना तुम्ही विचार करीत असताना थांबता येणार नाही,” एवढेच म्हणाले. तो विषय राहिला. दुसऱ्या वेळी, दोन महिन्यांनी, त्याने निश्चित उत्तर दिले आणि का, तेही सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रमाणपत्र हाती आले.

तोपर्यंत दुकानात एक जागा रिकामी झाली होती. काका थकले होते, आणि वडिलांनी एकदा, अगदी सहज, गल्ल्याच्या किल्ल्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने त्या दोन दिवस जवळ बाळगल्या. तिसऱ्या दिवशी परत दिल्या. वडील म्हणाले, “किती महिन्यांचे आहे या वेळी?” सहा, तो म्हणाला. चार साब म्हणून. “म्हणजे दिवाळीला नाहीस,” वडील म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दादींनी ती जुनी वही बाहेर काढली. दिशापरिमाणाच्या पानानंतर पाने भरली होती. डाव्या बाजूला तारीख, मध्ये राजगुरुनगरचा सूर्यास्त, उजवीकडे त्याने कळवलेला. व्हँकुव्हरचे सव्वाचार होते, उन्हाळ्यातील उत्तर पॅसिफिकचे आठ वाजून गेलेले होते. जनरेटर बंद पडला त्या रात्रीची उजवी जागा रिकामी होती. ऑगस्टमध्ये एका तारखेसमोर आडवी रेघ होती. दादींनी नवे पान उघडले, तीन रकाने आखले आणि पहिल्या रकान्यात उद्याची तारीख घातली.